पिवळा दिवा लागला म्हणजे आयसीच गेली असं नव्हे

‘साहेब, ग्राफिक्सची आयसी गेली. रिबॉल करावी लागेल, साडेतीन हजार.’ माझा प्लेस्टेशन 3 पिशवीतून पुरता बाहेरही आला नव्हता, तोवर पुण्यातल्या त्या दुकानदाराचं निदान झालं होतं. त्याने स्क्रू काढला नाही, मल्टिमीटर लावला नाही, साधं प्लग लावून बटण दाबून पाहिलं नाही. ‘पिवळा दिवा लागतो’ एवढंच मी म्हणालो होतो.

हे 60 जीबीवालं जुनं मशीन. त्यावर प्लेस्टेशन 2 च्या बऱ्याच डिस्क चालतात. 40 जीबीच्या मॉडेलपासून ती सोय गेली. त्यामुळे ‘टाका भंगारात, दुसरं घ्या’ हे मला कुणी सांगू नये.

तरी मशीन मी त्याच्याकडेच दुरुस्तीला सोडलं. परत मिळालं तेव्हा ते चालू होतं. ‘बघा, बोललो होतो ना, आयसीच होती!’ काही आठवड्यांत पुन्हा तेच: हिरवा दिवा, क्षणभर पिवळा, तीन बीप आणि मग लुकलुकणारा लाल. दुकानदार म्हणाला, ‘जुन्या मशीनची गॅरंटी नसते. परत करायचं तर परत पैसे लागतील.’ वर हार्ड डिस्क कोरी. ‘टेस्टिंगसाठी दुसऱ्या मशीनला लावली होती, त्याने फॉरमॅट मागितलं, दिलं.’ प्रत्येक प्लेस्टेशन 3 आपली डिस्क स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद करतो, दुसऱ्या मशीनला ती वाचता येत नाही. या धंद्यात बसलेल्या माणसाला एवढं माहीत असायलाच हवं. माझे कित्येक वर्षांचे सेव्ह गेले, आणि त्यावर त्याचं उत्तर काय, तर ‘गेमच तर आहेत, पुन्हा खेळा.’ साडेतीन हजार मी कधीतरी विसरेन. हे वाक्य नाही.

खरा प्रकार कळला तो इलेक्ट्रॉनिक्समधल्या एका मित्राच्या टेबलावर. या मशीनच्या बोर्डावर सिसकॉन नावाची एक चिप असते. वीज कुठे अडली, काय तापलं, याची नोंद ती कोडच्या रूपात ठेवते. मित्राने तिथे बारीक तारा जोडल्या, 3.3 व्होल्टच्या यूएसबी-सिरियल अडॅप्टरवरून नोंदी लॅपटॉपवर उतरवल्या, आणि पडद्यावर ओळीने एकच आकडा उतरू लागला: 1002. पुन्हा 1002, पुन्हा 1002. त्याचा अर्थ असा की ग्राफिक्स चिपला मिळणारी वीज नीट नाही. चिप स्वतः गेल्यावर सहसा दिसणारा 3034 यादीत एकदाही नव्हता. मी ती यादी वरपासून खालपर्यंत परत परत वाचली. उत्तर पहिल्या दिवसापासून मशीनमध्येच लिहिलेलं होतं आणि ते कुणी विचारलंच नव्हतं. बोर्ड उलटून पाहिला, तर चिपभोवती वाळलेला तपकिरी फ्लक्स. रिबॉल म्हणजे चिप उचलायची, जुनं सोल्डर साफ करायचं, नवे गोळे बसवायचे. इथे वरून नुसती हीटगन मारली होती.

मग ते चालू कसं झालं? सगळी मेख इथेच आहे. या बोर्डावर प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपजवळ एनईसी-टोकिनचे चपटे कॅपॅसिटर असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते कमजोर होतात, पण गरम केले की थोडे दिवस सुधारतात. हीटगनने चिपबरोबर तेही तापतात, मशीन उठतं, आणि ‘आयसीच होती’ हे सिद्ध झाल्यासारखं वाटतं. सिद्ध काहीच होत नाही. मित्राने ते कॅपॅसिटर काढून टँटलमचे बसवले आणि मशीन सुरू झालं. सुरुवातीच्या 90 नॅनोमीटरच्या ग्राफिक्स चिप खरोखरच नाजूक आहेत, त्याही जातात. पण म्हणूनच तर त्यांना विनाकारण भाजू नये.

तेव्हा तुमच्यावर ही वेळ आली तर आधी दिवे बघा. लाल दिवाच लागत नसेल तर प्रोसेसरपर्यंत जाण्याचं कारण नाही. वायर, मागचं स्विच, पॉवर सप्लाय या क्रमाने तपासा. सप्लाय बोर्डाला 12 व्होल्ट देतो, ते मोजता येतात. पण सप्लायचा डबा स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत चार्ज उरतो. मशीन खेळताना पंखा घोंघावून बंद पडत असेल, तर ती उष्णतेची तक्रार: धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट. फॅट, म्हणजे सुरुवातीच्या जाड मॉडेलमध्ये मागचं स्विच बंद करून, इजेक्टचं बटण दाबून धरून स्विच चालू केलं की पंखा पूर्ण वेगाने फिरतो. एवढी चाचणी घरी जमते. बाकी धूळ झाडा, हवा खेळती ठेवा, हे सगळे सांगतातच.

दुकानात गेलात तर एकच विचारा: ‘सिसकॉनचा कोड वाचणार का?’ समोरचा गोंधळला तर मशीन उचला आणि निघा. पावतीवर रिबॉल की नुसतं गरम करणं, ते लिहून घ्या. डिस्क ड्राइव्ह बदलू म्हणाला तर ड्राइव्हचा मूळ छोटा बोर्ड तोच ठेवायला सांगा. तो मदरबोर्डशी जोडलेला असतो, दुसरा लावला तर गेमच्या डिस्क चालत नाहीत.

आणि हार्ड डिस्क घरीच काढून ठेवा. फॅट मॉडेलमध्ये ती बाजूच्या झाकणामागे एका निळ्या स्क्रूवर असते, पाच मिनिटांचं काम. ‘डिस्कशिवाय टेस्ट होत नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मशीन धड असेल तर दिवा हिरवा राहतो आणि डिस्क सापडत नसल्याचा संदेश टीव्हीवर येतो. दुरुस्ती झाली की नाही हे कळायला तेवढं पुरतं.