बादलीभर गरम पाणी आणि आजीचे हृदय

हॉस्टेलमध्ये सकाळी बादली घेऊन रांगेत उभे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना गरम पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. पण याच गरम पाण्याने गेल्या थंडीत मला चांगलाच धडा शिकवला. "उष्णतेने रक्ताभिसरण सुधारते, हृदयाला चांगले" असे कुठेतरी अर्धवट वाचून मी फोनवर आजीला म्हटले, "आजी, रोज रात्री गरम पाण्यात पाय सोडून बसत जा." नातू इंजिनिअर होतोय, म्हणजे त्याचे खरेच असणार! आठवड्याभरात आईचा फोन. आजीच्या दोन्ही पायांना फोड आले होते. आजीला पंधरा वर्षांपासून शुगर आहे. पाणी किती कढत आहे हे तिच्या पायांना कळलेच नाही. जखमा भरायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मी हा विषय नीट वाचून काढला. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

शरीरात नेमके काय होते?

एरवी आपल्या त्वचेतून मिनिटाला साधारण पाव ते अर्धा लिटर रक्त वाहते. शरीर खूप तापले की हाच प्रवाह ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे त्वचा हा आपला रेडिएटर आणि हृदय हा पंप. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि नाडी वाढते. फ्लुइड मेकॅनिक्समधला पॉइझेलचा नियम आठवा. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या फक्त १० टक्के वाढली तरी, दाब तोच राहिल्यास, प्रवाह जवळपास दीडपट!

वाढलेल्या प्रवाहाचा घर्षण-ताण (आपला शिअर स्ट्रेस) रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला जाणवतो आणि ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते. हा वायू रक्तवाहिनीच्या स्नायूंना सैल करतो. या शोधाला १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हातारपणी रक्तवाहिन्या ताठरतात आणि हे अस्तर आळसावते. त्याला पुन्हा कामाला लावायचे, ही उष्णता-उपचारामागची कल्पना. व्यायामानेही काहीसे हेच साधते, म्हणून गुडघेदुखीने चालता न येणाऱ्या वृद्धांसाठी शास्त्रज्ञांना यात रस आहे.

पुरावा कितपत?

फिनलंडमध्ये २,३१५ मध्यमवयीन पुरुषांची सुमारे वीस वर्षे नोंद ठेवली गेली. आठवड्यातून ४ ते ७ वेळा सौना घेणाऱ्यांत अचानक हृदय बंद पडून मृत्यू येण्याचे प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के कमी दिसले (२०१५). जपानमध्ये ३० हजार लोकांच्या पाहणीत जवळपास रोज टबमध्ये स्नान करणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघात मिळून २८ टक्के कमी आढळले (२०२०). पण लक्षात घ्या, या निरीक्षणे आहेत, प्रयोग नव्हेत. ज्याची तब्येत मुळात ठणठणीत, तोच रोज सौनात जाऊन बसणार!

प्रयोगही झाले आहेत. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात ४०.५ अंशांच्या पाण्यात आठ आठवडे नियमित बसवल्यावर रक्तवाहिन्यांचा ताठरपणा व रक्तदाब कमी झाला (२०१६). मात्र ते सगळे तरुण होते. जपानच्या कागोशिमात डॉ. तेई यांनी अशक्त हृदयाच्या रुग्णांना ६० अंशांच्या कोरड्या सौनात १५ मिनिटे बसवून पुढे अर्धा तास ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवण्याची पद्धत बसवली, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि आपली बादली?

थोडे गणित करू. १२ लिटर पाणी ४१ वरून ३८ अंशांवर आले तर १२ × ४.१८ × ३, म्हणजे सुमारे १५० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ६० किलोच्या शरीराचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे २१० लागतात. त्यातही बरीचशी उष्णता हवेत आणि बादलीत जाते. म्हणजे बादली हा सौम्य उपचार आहे, सौनाची बरोबरी नाही. आणि हे भरून काढायला पाणी आणखी कढत केले की काय होते, ते आमच्या घरी दिसलेच! ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते, ४८-४९ अंशांनाही काही मिनिटे पुरतात.

घरी सांगण्यापूर्वी

१) मधुमेहामुळे पायांची संवेदना गेली असेल, पायाला जखम असेल तर पाय शेकूच नयेत.
२) नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, छातीत दुखत असेल, हृदयाची झडप अरुंद असेल किंवा बी.पी. कमी होत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. बी.पी.च्या गोळ्या आणि उष्णता दोन्ही मिळून दाब एकदम उतरू शकतो.
३) पाणी ४० अंशांच्या आसपास, थर्मामीटरने मोजून. वेळ १५ मिनिटे. पूर्ण टबस्नानासाठी जपानचे सरकारी खाते ४१ अंशांपर्यंत आणि १० मिनिटांपर्यंतच सांगते, कारण तिथे हिवाळ्यात वृद्धांचे स्नानगृहात मृत्यू होतात.
४) आधी पाणी प्यावे, उठताना सावकाश उठावे, जवळ कोणीतरी असावे.
५) हीटरची कॉइल बंद करून, प्लग काढूनच पाण्याला हात लावावा. (हे आपल्यालाही लागू!)
६) चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत. चालता येत असेल तर चालणे पहिले.

आता आजोबा डॉक्टरांना विचारून, थर्मामीटर लावून पाय शेकतात. आजी शेकत नाही. ती पायमोजे घालून अंगणात फेऱ्या मारते आणि रोज रात्री आई तिचे तळवे तपासते. दिवाळीत मी माफी मागितली तर म्हणाली, "अरे, तू चांगलंच सांगितलंस, पाणी मीच जास्त तापवलं."

नाही आजी, किती तापवायचे हे मी सांगितलेच नव्हते. युनिट न लिहिलेल्या उत्तराला आपले सर शून्य मार्क देतात, ते उगाच नाही.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल