छत्तीसगढचे पोलीस दल

पोलीस ठाण्याची पायरी चढताना सामान्य माणसाला आधार वाटावा की धाक? हे त्या दलाच्या उभारणीमागील हेतूवर बरेचसे अवलंबून असते. छत्तीसगढच्या पोलीस दलाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत छत्तीसगढातील परगण्यांचे कमाविसदार महसूल वसूल करीत आणि शांतताही राखीत. १८५४ साली इंग्रजांनी हे राज्य खालसा केले. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांना आपली सत्ता टिकवणारी शिस्तबद्ध यंत्रणा हवी होती. त्यातून १८६१ चा पोलीस कायदा आला. प्रांताला महानिरीक्षक, जिल्ह्याला अधीक्षक व त्याच्या हाताखाली ठाणी अशी उतरंड ठरली. त्याच वर्षी मध्य प्रांत स्थापन झाला. त्याची राजधानी नागपूर असल्याने रायपूरचा पोलीस कारभारही नागपूरशी जोडला गेला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रायपूर नव्या मध्य प्रदेशात समाविष्ट झाले.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले आणि त्याचे स्वतंत्र पोलीस दल झाले. पोलीस महासंचालक हे त्याचे प्रमुख असून मुख्यालय नवा रायपूर येथे आहे. त्यांच्या अधिकाराखाली परिक्षेत्रांचे महानिरीक्षक, जिल्ह्यांचे अधीक्षक व ठाणेदार काम करतात. आपल्याकडील शिपायाला तेथे ‘आरक्षक’ म्हणतात.

राज्याने २००७ मध्ये स्वतःचा पोलीस कायदा केला. त्या काळात बस्तर भागात नक्षलवाद्यांशी संघर्ष तीव्र होता. जेमतेम पाचवीपर्यंत शिकलेल्या अनेक आदिवासी तरुणांना ‘विशेष पोलीस अधिकारी’ नेमून, अल्प प्रशिक्षण व तुटपुंजे मानधन देऊन, हाती शस्त्रे दिली गेली. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत संविधानातील समानता व जीविताच्या हक्कांविरुद्ध ठरवली. गरीब तरुणाच्या जिवाचे मोलही इतरांइतकेच आहे, हे या निर्णयाने अधोरेखित केले.

कायदा पोलिसांना अधिकार देतो, तशा मर्यादाही घालतो. नोंदवलेल्या पहिल्या खबरीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. अटक केलेल्या व्यक्तीला, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. हे जाणणारा नागरिक ठाण्यात निर्भयपणे बोलू शकतो.

स्वाध्याय
१. १८६१ चा पोलीस कायदा कोणत्या परिस्थितीत आला?
२. २०११ च्या निर्णयाचे महत्त्व तुमच्या शब्दांत लिहा.