इंजिन खोलण्याआधी आवाज कधी येतो ते बघा

जुन्या गाडीच्या इंजिनातून खटखट यायला लागली की गॅरेजात एकच निदान ठरलेलं असतं: "बेअरिंग गेलंय, काका. हाफ इंजिन करावं लागंल." आमच्या १९९७ सालच्या मारुती ८००चं असंच झालं. जालन्यातल्या एका गॅरेजात रिंगा, बेअरिंगं सगळं नवं बसलं. बिल चुकतं केलं, आणि चतुर्थीला राजूरच्या गणपतीला निघालो तर टेकडीच्या चढावर पुन्हा तोच आवाज! काढलेली जुनी बेअरिंगं पिशवीत घालून परत मिळाली होती. त्यांच्यावरून नख फिरवून पाहिलं, कुठे अडकत नव्हतं.

नंतर अंबड चौफुलीकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना गाडी दाखवली. बॉनेटला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, "आवाज येतो कधी?" एवढाच प्रश्न आधी कुणी विचारला असता तर इंजिन खोलावंच लागलं नसतं.

थंड इंजिन सुरू करताच ठकठक येऊन गरम झाल्यावर ती विरत असेल, तर पिस्टन सैल झालेत. जपून वापरली तर अशी गाडी पुष्कळ चालते. वरून सतत बारीक टिकटिक येत असेल तर टॅपेट सेट करून घ्या. खालून जड, घणासारखा आवाज येत असेल, रेस देऊन सोडताना तो वाढत असेल आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर ते बेअरिंग. तिथेच गाडी बंद करा आणि ओढून न्या. पण गाडी गरम आहे, चढ आहे, वरच्या गिअरला पाय दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखं टणटण वाजतं आणि पाय उचलला की लगेच थांबतं, हे खरं नॉकिंग. आमचं हेच होतं.

प्लगच्या ठिणगीनं पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरण्याआधीच उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप भडकतं, तेव्हा हा आवाज येतो. म्हणजे ठिणगी फार लवकर पडतेय, किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, किंवा इंजिन नको तेवढं तापतंय, किंवा आत कार्बन साचलाय. पूर्वी हे दाबायला पेट्रोलमध्ये शिसं घालत. १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर बंद झालं. हल्ली चहाच्या टपरीवर सगळा दोष इथेनॉलला देतात. पण इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा वरचा आहे, त्यानं नॉकिंग कमीच व्हायला हवं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत त्याचा त्रास निराळा: मिश्रण पातळ होतं, रबरी नळ्या खराब होतात, टाकीतला साचलेला गाळ सुटून जेट तुंबतो. तेवढ्यासाठी नळ्या बदला, कार्बोरेटर साफ करून घ्या.

मिस्त्रींनी प्लग काढले. चिनीमाती पांढरीफटक, वर मोहरीहून बारीक काळपट-चंदेरी ठिपके. नीट चालणाऱ्या इंजिनाचा प्लग फिकट तपकिरी असतो. मग टायमिंग लाइट लावला, तर ठिणगी बरीच आधी पडत होती. गाडीला पूर्वी गॅस किट होतं. गॅसवर पिकअप यावा म्हणून टायमिंग पुढे घेतात. किट निघालं, टायमिंग तसंच राहिलं. हाफ इंजिन करणाऱ्यानं डिस्ट्रिब्युटर काढताना खूण केली आणि इमानेइतबारे त्याच खुणेवर परत बसवला! म्हणून एवढा खर्च होऊनही आवाज जागचा हलला नाही. टायमिंग कानावर लावून घेऊ नका. लाइट नसलेलं गॅरेज असेल तर दुसरं शोधा.

टायमिंग नीट लावून घेतल्यावर आवाज बराच गेला, पण भर मे महिन्यात दुपारी थोडा उरलाच. रेडिएटरची खालची नळी काढली तर तोंडाशी खापरीसारखा पांढरा थर. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, आणि रेडिएटरमध्ये तेच ओततात; टँकरचं पाणीही कुठल्या तरी बोअरचंच. क्षारांचा थर बसला की इंजिनाची उष्णता पाण्याकडे नीट जात नाही. काटा लाल पट्टीला न लागताही आत कुठेतरी जागा तापलेली राहते. रेडिएटरची टाकी उघडून सळईनं आतल्या नळ्या साफ करून घेतल्या, आणि आता तयार कूलंटच टाकतो. कॅन महाग वाटतो, पण रेडिएटर त्याहून महाग पडतो. झाकण मात्र इंजिन पूर्ण निवाल्यावरच उघडा, आणि गाडी तापल्यावर पंखा फिरतो का तेही बघा.

कार्बन काढायला हेड उतरवणं हे अगदी शेवटचं काम. तोवर आवाज आला की गिअर खाली घ्या, पाय हलका ठेवा. दामटत राहिलात तर पिस्टनला भोक पडू शकतं. आणि कुणी हाफ इंजिनचा अंदाज सांगितला, तर आधी खालचं ऑइलचं चेंबर खोलून बेअरिंगची एक कॅप उतरवून दाखवायला सांगा. बऱ्याच गाड्यांत हे इंजिन खाली न उतरवता होतं. जो मिस्त्री एवढंही दाखवायला कुरकुरतो, त्याच्याकडून गाडीची चावी परत मागून घ्या.