बृहन्मुंबई : शहर, माणसे आणि आपले आरोग्य

या पानावर आपण बहुतेक वेळा एखाद्या आजाराची माहिती घेतो. या वेळी एका शहराची घेऊ. खोकला, हगवण, ताप हे आजार शरीरात दिसतात, पण त्यांचे मूळ पुष्कळदा नळात, नाल्यात आणि कोंदट खोलीत असते. मुंबईत या तिन्हींचा संबंध महानगरपालिकेशी येतो. आपले कित्येक वाचक या शहरात राहतात, आणि गावाकडच्या अनेक घरांतले कोणी ना कोणी पोटासाठी येथे आलेले आहे. म्हणून हा कारभार आपण समजून घेतला पाहिजे.

शहर आणि त्याची माणसे

समुद्रातील सात बेटे भराव घालून जोडली गेली आणि मुंबई घडली. महापालिकेचा कायदा १८८८ सालचा आहे. १९५० आणि १९५७ मध्ये हद्द वाढून ती दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांवर होती. त्यांपैकी सुमारे ५२ लाख माणसे, म्हणजे शंभरातील चाळीसहून अधिक, झोपडपट्टीत राहत होती. बौद्धांचे प्रमाण शंभरात सुमारे पाच होते. कोकण, देश, विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथून आलेल्या आपल्या माणसांनी गिरणीत, गोदीत, रेल्वेत आणि सफाई खात्यात राबून हे शहर चालवले.

प्लेगने शिकवलेला धडा

१८९६ साली मांडवी भागात प्लेग सुरू झाला. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. हाफकिन यांनी मुंबईतच प्रयोग करून १८९७ मध्ये प्लेगची लस तयार केली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले.

दाट, अंधाऱ्या वस्तीत रोग झपाट्याने पसरतो हे सरकारला तेव्हा पटले. १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे बीआयटी, स्थापन झाले. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते निघाले, चाळी उभ्या राहिल्या. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी झाल्या. १६० चौरस फुटांची एक खोली आणि तीत अख्खे कुटुंब, असा तो संसार होता.

परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी अनेक वर्षे काढली. बाबासाहेब आणि रमाईंची चार लेकरे लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव वाचले. रमाईसुद्धा दीर्घ आजारानंतर १९३५ मध्ये गेल्या. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा देणारे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. आई आणि मूल जगवणे हे समाजाचे व शासनाचे काम आहे, हे त्यांनी तेथे मांडले. आरोग्याचा प्रश्न आपल्या चळवळीत तेव्हापासून आहे.

पाणी : महाडपासून मुंबईपर्यंत

मुंबईला विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात ठिकाणांहून पाणी येते. विहार तलाव १८६० चा, तानसा १८९२ चा. मोठी धरणे ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांत आहेत. धरणालगतच्या शहापूर तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हेही विसरू नये.

शहरात आलेले पाणी सर्वांना सारखे मिळत नाही. इमारतीतील माणसासाठी दिवसाला १३५ लिटर आणि झोपडीतील माणसासाठी ४५ लिटर, असा हिशेब अनेक वर्षे धरला गेला. अनेक वस्त्यांना तर अधिकृत नळच नव्हता. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी अनधिकृत आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही. १९२७ मध्ये चवदार तळ्यावर आपण ज्या हक्कासाठी गेलो, त्याच हक्काचे हे पुढचे पाऊल आहे.

पाणी कमी आणि वेळ अपुरी असली की पिंपात साठा होतो. गटारातून जाणारी नळी फुटली की त्यात घाण शिरते. त्यातून हगवण, कावीळ, विषमज्वर होतो. उघड्या पिंपात डेंग्यूचा डास अंडी घालतो. त्याला स्वच्छ साचलेले पाणीच आवडते.

हवा, कचरा आणि क्षयरोग

देवनारची कचराभूमी १९२७ पासून आहे. तिच्या भोवतीचा गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व विभाग महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात सर्वांत खाली होता. जेथे खोलीत ऊन-वारा येत नाही, माणसे दाटीने राहतात आणि पोटभर सकस अन्न मिळत नाही, तेथे क्षयरोग मुक्काम करतो. हा पूर्वजन्मीच्या पापाचा रोग नाही. तो जंतूपासून होतो, हवेतून पसरतो आणि पूर्ण औषधाने बरा होतो.

सफाई कामगार

शहर निरोगी ठेवणाऱ्या सफाई कामगारांत आजही आपल्या समाजाची माणसे मोठ्या संख्येने आहेत. मलवाहिनीतील विषारी वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही मरतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही गटारात उतरवणे गुन्हा आहे. असा मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. ठेकेदाराने "जरा उतर, पाच मिनिटांचे काम आहे" म्हटले तरी उतरू नका.

आपण काय करायचे?

१. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त यांपैकी काहीही असल्यास पालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासा. तपासणी व औषध मोफत आहे. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. रोग औषधाला दाद देईनासा होतो. उपचाराच्या काळात पोषणासाठी दरमहा १००० रुपये बँक खात्यात मिळतात. नोंद झाली का ते विचारा.

२. पाणी उकळून प्या. जुलाब लागल्यास ओआरएसचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून थोडे थोडे पाजत राहा. बाळाला अंगावर पाजणे थांबवू नका.

३. आठवड्यातून एक दिवस पिंप, ड्रम रिकामे करून घासा व कोरडे ठेवा.

४. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून चालावे लागले तर पाय साबणाने धुवा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. प्रतिबंधक गोळी ७२ तासांच्या आत, डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांसाठी तसे आवर्जून सांगावे.

५. केईएम, नायर, शीव ही पालिकेची मोठी रुग्णालये. पण प्रत्येक दुखण्याला तेथे रांग लावण्याची गरज नाही. आधी वस्तीतील आरोग्य केंद्र किंवा आपला दवाखाना गाठा. लसीकरण व गरोदरपणाची नोंदही आरोग्य केंद्रातच होते.

६. गढूळ पाणी, तुंबलेले गटार, न उचललेला कचरा यांची तक्रार १९१६ वर करा, क्रमांक लिहून ठेवा आणि विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या. पाणी, गटारे, साथनियंत्रण ही कामे १८८८ च्या कायद्यानेच पालिकेला बंधनकारक आहेत. आपण उपकार मागत नाही.

एका आजारी भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते, तेव्हा भगवान बुद्धांनी स्वतः त्याचे अंग धुतले, अंथरूण बदलले आणि संघाला एकमेकांची शुश्रूषा करायला सांगितले. आपल्या विहारातही हे होऊ शकते. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास काढा. वस्तीत कोण खोकत आहे, कोणाच्या गोळ्या सुटल्या आहेत, कोणत्या गल्लीत गढूळ पाणी येते, याची वही महिला मंडळाने व तरुणांनी मिळून करावी. त्या वहीतील पहिला अर्ज दुसऱ्याच दिवशी विभाग कार्यालयात जाऊ द्या.

जय भीम. नमो बुद्धाय.