दार बंद, कारागीर आंत

विद्यार्थिमित्रहो, अर्ज भरावयास गेलां असतां "देखभालीचें काम चालूं आहे" अशी पाटी संकेतस्थळावर तुम्हीं व तुमच्या पालकांनीं पुष्कळदां वाचली असेल. ती लावलेली असतां आंत काम करणारे कोणत्या वाटेनें जातात, हें आज पाहूं.

संकेतस्थळामागें डेटाबेस म्हणजे माहितीचें भांडार असतें. त्याची मांडणी बदलत असतांना कोणी अर्ज भरला, तर मुलाचें नांव नोंदलें जाऊन फी भरल्याची नोंद मात्र गळण्याचा संभव असतो. म्हणून सर्व्हर त्या वेळीं प्रत्येकास ५०३ ह्या अंकानें उत्तर देतो. अर्थ असा कीं, सध्यां सेवा देतां येत नाहीं. सोबत 'रिट्राय-आफ्टर' ह्या ओळींत ३६०० लिहिलें, तर तासाभरानें यावें असें समजावें. कित्येकजण पाटी लावतात, पण अंक २००, म्हणजे 'सर्व ठीक', असाच ठेवतात. माणूस पाटी वाचून परततो. शोधयंत्र मात्र त्या पाटीसच खरें पान समजूं शकतें. (अर्जाच्या शेवटच्या दिवशीं भर दुपारीं पाटी लावणें, मग अंक कोणताही असो, मला गैरच वाटतें.)

आतां कठीण भाग. दुरुस्ती साधली कीं नाहीं, हें दार उघडण्यापूर्वीं कोणीतरी आंत जाऊन पाहिलें पाहिजे. कचेरीचा आयपी पत्ता ओळखून तेवढ्यासच वाट द्यावी, हा एक उपाय. परंतु सर्व्हरपुढें बहुधा प्रॉक्सी नांवाचा द्वारपाळ उभा असतो, व सर्व्हरला प्रत्येक पाहुण्याच्या जागीं त्याचाच पत्ता दिसतो. तो पत्ता परवानगीच्या यादींत घातला, कीं सगळें गांव आंत शिरलेंच! पाहुण्याचा पत्ता 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' ह्या ओळींत येतो खरा. पण ती ओळ लबाड पाहुण्यासही आधींच लिहून आणतां येते. तेव्हां आपल्या द्वारपाळानें स्वतः लिहिलेला भाग तेवढा ग्राह्य धरावा.

दुसरा उपाय २०२० सालीं निघालेल्या लारावेलच्या आठव्या आवृत्तींत आहे. दार लावतांना एक गुप्त शब्द ठरवावयाचा. संकेतस्थळाच्या पत्त्यापुढें तो जोडून जो येईल, त्याच्या ब्राउझरांत कुकी ठेवली जाते, व पुढें त्यास सारें नेहमींसारखें दिसतें. घरचा आयपी पत्ता वरचेवर बदलतो, म्हणून घरून काम करणाऱ्यास हाच बरा. शब्द मात्र लांब व दर वेळीं नवा असावा.

आंत गेलेला मनुष्य खऱ्या भांडारांतच वावरत असतो, हें पुष्कळजण विसरतात. त्यानें परीक्षेसाठीं भरलेला खोटा अर्ज दार उघडण्यापूर्वीं काढून टाकावा लागतो. नाहींतर तो मुलांच्या यादींत तसाच राहतो.