जुन्या कोडला हात लावण्याआधी

वीस-पंचवीस वर्षं जुनी, जगभर वापरली जाणारी लायब्ररी चुकत असेल असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. आपलाच कोड गंडलाय असं धरून लोक आठवडे घालवतात. मुक्त सॉफ्टवेअर सगळ्यांना वाचायला खुलं असतं हे खरं, पण म्हणून ते कुणी वाचलेलं असतं असं नाही. बॅशमधला शेलशॉक २०१४ साली सापडला, तेव्हा तो १९८९ पासून तिथे मुक्कामाला होता.

आमच्या वाट्याला आला तो बग लहानसा, पण याच जातीचा. अर्जदारांच्या मराठी यादीत मधूनच एखाद्या नावातलं अक्षर जाऊन प्रश्नचिन्हं उमटायची. इंग्रजी याद्या बिनबोभाट चालायच्या. लायब्ररी फाइल ४०९६ बाइटांच्या तुकड्यांत वाचायची आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उलगडायची. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत अक्षराला तीन, वेलांटीलाही तीन. तुकडा नेमका ‘श’च्या मधोमध संपला की ‘श’ गेला. एका उत्साही सहकाऱ्याने बफर ६५,५३६ बाइटांचा केला आणि तक्रारी थांबल्या. हा मोह फार वाईट. बग होता तिथेच होता, आमच्या याद्या तेवढ्या मोठ्या नव्हत्या इतकंच.

तेव्हा लक्षण थांबलं म्हणून फाइल बंद करू नका. बग कशामुळे होतो हे एका वाक्यात सांगता येईपर्यंत ओळही बदलू नका. आणि सांगता आलं, तरी बदलण्याआधी ती ओळ कुणी, कधी, कशासाठी लिहिली ते गिटमध्ये बघा.

डेबियनची गोष्ट यासाठी मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. २००६ साली त्यांच्या ओपनएसएसएलवर व्हॅलग्राइंड कुरकुरलं की कोड न भरलेली मेमरी वाचतोय. सारख्याच दिसणाऱ्या दोन ओळी होत्या, दोन्ही काढल्या गेल्या. एक गेल्याने फारसं बिघडलं नसतं. दुसरीतून मात्र किल्ली बनवायला लागणारी सगळी यादृच्छिकता आत जात होती. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. लुसियानो बेलो यांच्या हे लक्षात आलं आणि मे २००८ मध्ये ते जाहीर झालं. तोवर डेबियन आणि उबुंटूवर ठिसूळ किल्ल्या तयार होतच राहिल्या. नुसता पॅच घेऊन भागलं नाही, किल्ल्याच नव्याने काढाव्या लागल्या. यात वाईट वाटतं ते याचं, की बदल करणाऱ्याने मूळ प्रकल्पात आधी विचारलं होतं आणि होकारही मिळाला होता. तो होकार मात्र डीबगिंगपुरता होता. म्हणून मोघम प्रश्न विचारून काम उरकू नका. तयार पॅच समोर ठेवा आणि तो कुठे जाणार आहे तेही लिहा.

लॉगमध्ये मागे घेतलेले बदल मुद्दाम शोधावेत. २०१६ साली लिनक्समधल्या ‘डर्टी काउ’ची दुरुस्ती करताना लिनस टोर्वाल्ड्सने कमिटमध्येच नोंदवलं, की अकरा वर्षांपूर्वी आपण हा बग काढायला गेलो होतो, पण एस३९० मशीनवर अडचण आली म्हणून ती दुरुस्ती मागे घ्यावी लागली. असं काही हाती लागलं की अर्धं काम झालं समजा.

बगचा हल्ल्यासाठी वापर होऊ शकत असेल तर चारचौघांत बोंब मारू नका, मेन्टेनरना खासगीत कळवा.

आणि तक्रारीसोबत टेस्ट द्याच, तीही विचार करून. सलग देवनागरी मजकुराच्या आधी एक इंग्रजी अक्षर ठेवलं, तर पहिल्या तुकड्यात ४०९५ बाइट उरतात. त्यांना तीनने नि:शेष भाग जातो आणि सगळं छान दिसतं. आधी काहीच नसेल किंवा दोन अक्षरं असतील तर अक्षर फुटतं. आम्ही तिन्ही फाइली पाठवल्या. मेन्टेनरला देवनागरी वाचता येत नव्हतं, पण फुटलेल्या दोन फाइली त्याला बरोबर ओळखता आल्या. आमचा पॅच त्याने घेतला नाही. अर्धवट उरलेले बाइट पुढच्या तुकड्याला जोडणारा स्वतःचा पॅच त्याने लिहिला, आमच्यापेक्षा आटोपशीर.