पत्रातून येणारी कीड

आता सिन्नर तालुक्यात पुष्कळ घरी संगणक आला आहे. मुलगा त्यावर अभ्यास करतो. सून बचत गटाचा हिशेब लिहिते. सातबाऱ्याची नक्कल, मुलीचे दाखले, लग्नाचे फोटो, सारे त्याच्याच पोटात असते. या संगणकाला टपालही येते. त्याला ई-मेल म्हणतात. या टपालाला पोस्टमन नाही, तिकीट नाही. म्हणून कोणीही, कोठूनही, कोणालाही पत्र धाडतो.

काही पत्रांबरोबर एक गाठोडे येते. मुले त्याला अटॅचमेंट म्हणतात. गाठोड्यात कधी फोटो असतो, कधी कागद असतो आणि कधी व्हायरस असतो.

हा व्हायरस म्हणजे तापाचा जंतू नव्हे बरं का! संगणक माणसाने लिहून दिलेल्या हुकुमांवर चालतो. व्हायरस म्हणजे वाईट बुद्धीने लिहिलेले हुकूम. आपण गाठोडे उघडले की संगणक ते हुकूम पाळू लागतो. त्या बिचाऱ्याला बरेवाईट कळत नाही.

४ मे २००० ची गोष्ट. फिलिपाईन्स देशातून एक पत्र निघाले. वर लिहिले होते, 'आय लव्ह यू', म्हणजे 'माझे तुझ्यावर प्रेम आहे'. सोबत प्रेमपत्राचे गाठोडे. मग काय! भल्याभल्या साहेबांनी ते उघडले. उघडताच संगणकातले फोटो नासले. शिवाय संगणकात ज्यांचे पत्ते होते त्या सर्वांना तेच पत्र आपोआप गेले. त्यामुळे ज्याला ते मिळे, त्याला वाटे, आपल्या ओळखीच्या माणसानेच धाडले आहे. बघता बघता ते जगभर पसरले. ब्रिटनच्या संसदेला आपले टपाल काही काळ बंद ठेवावे लागले. हे हुकूम एका तरुणाने लिहिले होते. त्याला शिक्षा झाली नाही, कारण त्या देशात तेव्हा तसा कायदाच नव्हता.

त्या गाठोड्याच्या नावात खुबी होती. फाइलच्या नावाला इंग्रजी अक्षरांचे शेपूट असते. त्यावरून आत काय आहे ते समजते. 'टीएक्सटी' म्हणजे साधा मजकूर. प्रेमपत्रावर तेच दिसत होते. पण त्याच्या मागे 'व्हीबीएस' हे खरे शेपूट होते, आणि ते झाकलेले होते. 'व्हीबीएस' म्हणजे हुकूम. विंडोजचे संगणक आजही शेपूट झाकूनच ठेवतात. ते दिसेल असे मुलाकडून करून घ्या. अनोळखी गाठोड्याला 'ईएक्सई', 'व्हीबीएस' किंवा 'जेएस' असे शेपूट असेल तर ते उघडू नका.

समजा, तुमच्या मुलाने मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी अर्ज केला आहे. एक पत्र येते. 'तुमची नेमणूक झाली. सोबतचा कागद आजच उघडा.' घरात आनंद होतो. हात लगेच पुढे जातो. येथेच थांबा. ज्या कारखान्यात अर्ज दिला, तेथे फोन करून विचारा. फोन नंबर पत्रातला घेऊ नका, कारखान्याचा आपण स्वतः मिळवा. भावाच्या नावाने गाठोडे आले तर भावाला फोन करा, 'अरे, तू काही धाडलंस का?' यात कमीपणा कसला?

पहारेकरीही ठेवता येतो. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीपर्यंत शिकलेले. पुण्यात यंत्रे दुरुस्त करीत. त्यांचे भाऊ संजय यांनी व्हायरस मारणारे हुकूम लिहिले. त्यातूनच 'क्विक हील' उभे राहिले. विंडोजमध्ये मुळातही एक पहारेकरी असतो. पण पहारेकऱ्याला नव्या चोरांची ओळख द्यावी लागते. म्हणून संगणक 'अपडेट' मागतो तेव्हा ते करू द्या. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, हे जुना संगणक घेताना ध्यानात असू द्या.

एवढे करूनही गाठोडे उघडले गेले तर? आधी इंटरनेट तोडा. काही व्हायरस सगळ्या फायलींना कुलूप घालतात आणि किल्लीसाठी पैसे मागतात. पैसे दिले तरी किल्ली मिळेलच असे नाही. बँकेतून पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या नंबरला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

आणि दर महिन्याला दाखले, हिशेब, फोटो यांची नक्कल पेनड्राइव्हवर घ्या. नक्कल झाली की पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. संगणकाला लावून ठेवला तर कुलूप त्यालाही बसते.